रामधनभाऊंनी मागितलेलं पाणी

रामधनभाऊ दुकानात आले की आधी पायरीवर चपला काढायचे, मग पाणी मागायचे. "कुंदा, पानी दे व." रामराम नाही, कशी आहेस नाही. माझं दुकान यवतमाळला कचेरीच्या रस्त्यावर, टायपिंग आणि झेरॉक्सचं. तिथे चप्पल काढून कोणी येत नाही. लोक चिखलाचे बूट घेऊन थेट मशीनला येऊन भिडतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, फरशी काहून इतकी घाण?" हे एकटेच चपला जोडीने लावणार, स्टुलावर बसणार आणि पाणी मागणार. गिलास रिकामा होईपर्यंत कामाचा एक शब्द नाही. मला घाई असली की माझा जीव खालीवर व्हायचा, पण सांगून उपयोग नव्हता.

त्यांना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. त्यांच्या तांड्यात अजून म्हणतात की रामधननं शहरात जाऊन आपलीच माणसं विकली, महापौराच्या हाती आपल्याच लोकांची यादी दिली, आणि त्या यादीवरून त्यांच्या झोपड्या पडल्या. ते खोटं आहे. यादी भाऊंनी दिली नाही. मी दिली. पाठवू नको म्हणून त्यांनी बजावलं होतं, तरी दिली. हे एवढंसं वाक्य मी त्यांच्या हयातीत, तांड्यात जाऊन बोलायला हवं होतं. बोलले नाही. वेळ आली नव्हती म्हणावं तर ती चांगली समोर येऊन बसली होती. ते सगळं सांगणारच आहे, पण आधी भाऊ कसे होते ते सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, एक यादी गेली तर गेली, त्यात काय एवढं.

भाऊ गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाचे. पांढरकवड्याच्या पलीकडचा तांडा. पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता, आणि भाऊ सांगायचे, "मी बी तेच केलं. बैलाच्या जागी एसटी होती, मिठाच्या जागी मानसं." पांढरकवडा ते झरी जामणी गाडीवर ते वीस-बावीस वर्षं कंडक्टर होते. कुठल्या फाट्यावर कोण चढतो, कोण कोणाच्या शेजारी बसत नाही, कुठल्या गावचे लोक सरपंच चढला की बोलणं तोडतात, हे सगळं तिकीट फाडता फाडता डोक्यात जमा व्हायचं. एकदा एका मित्राच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी सहज सांगितलं, कुठली आळी येणार, कुठली जाणार. तसंच झालं. मग काय, लोक गाडीत तिकीट काढायला कमी आणि विचारायला जास्त बसू लागले. "भाऊ, आमच्या गावचं काय दिसून राह्यलं?" शेवटी नोकरी सोडून ते हेच करू लागले. ग्रामपंचायतीवरून नगरपरिषद, तिथून जिल्हा परिषद, आणि तिथून थेट मोठ्या शहराच्या महापौरांचे सल्लागार. शहराचं नाव लिहीत नाही. लिहून झोपड्या परत उभ्या राहणार नाहीत.

नोकरी सुटली तरी कंडक्टर काही सुटला नाही. कानावर पेन्सिल. खिशात तिकिटाच्या रुंदीच्या कागदी पट्ट्या. त्या मीच खराब झेरॉक्स कापून त्यांना करून द्यायची. माणसागणिक एक पट्टी, त्यावर नाव आणि एखादी खूण. आणि बोलणं घंटीचं. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. भाऊंना सगळं जगच तेवढ्यात दिसायचं. मजकूर पसंत पडला की टेबलावर दोनदा टकटक, "डबल." नाही पडला की एकदा, "सिंगल." एका आमदाराच्या भाषणाला त्यांनी मंचाच्या मागे बसून खुर्चीच्या दांडीवर एकदा टिचकी मारली होती. आमदार बिचारा वाक्याच्या मधोमध थांबला आणि खाली बसला. पत्रकं छापायला आलेला कार्यकर्ता मला हे सांगताना हसून हसून आडवा झाला होता.

आता पाण्याचं. मला आधी वाटायचं, म्हाताऱ्याला साखरेचा आजार असेल. एकदा नगरपरिषदेच्या निवडणुकीत एक दातांचे डॉक्टर उभे होते, त्यांच्याबरोबर भाऊ प्रभागात फिरत होते, आणि मजकूर जागच्या जागी लिहून घ्यायला मला नेलं होतं. पहिल्या घरी भाऊंनी पाणी मागितलं. आतून ट्रेमध्ये, काचेच्या गिलासात, वर झाकणी ठेवून पाणी आलं. डॉक्टर खूश. बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाले, "हे घर गेलं."

"अहो, केवढा मान दिला त्यांनी!" डॉक्टर म्हणाले.

"आपल्या मानसाले कोनी ट्रेमंदी पानी देते का, डॉक्टर? आन् पानी यायले किती टाइम लागला पाह्यलं का? आत कुजबुज चालू होती. काय सांगावं ह्यायले, हे ठरवून राह्यले होते."

पुढच्या घरी बाई पापड लाटत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "घ्या ना माठातलं, गिलास तिथंच हाय, माहे हात पिठाचे हायेत." भाऊ उठले, आपल्या हाताने पाणी घेतलं, गिलास विसळून पालथा ठेवला. बाहेर आले आणि भिंतीवर दोनदा टकटक केली. निकाल लागला तेव्हा ती गल्ली घरागणिक भाऊंच्या पट्ट्यांप्रमाणेच निघाली. डॉक्टर पडले, ते वेगळं. भाऊंनी त्यांना आधीच सांगितलं होतं, पण डॉक्टरांचा ट्रेवर विश्वास.

पण पाणी मागायचं त्याला आणखी एक बाजू होती आणि ती ते गमतीत घेत नसत. त्यांच्या याडीने, म्हणजे आईने, लहानपणी शिकवलं होतं की ज्याच्या घरचं पाणी पोटात गेलं त्याच्या वाईटावर जायचं नाही, आणि जो आपलं पाणी प्याला त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. तांड्यात सगळे हे पाळतात की नाही मला ठाऊक नाही. भाऊ पाळायचे. ज्या उमेदवाराच्या विरोधात काम असेल त्याच्या मांडवात ते एप्रिलच्या उन्हात, ओठ सुकलेले, तसेच बसून यायचे. समोर मठ्ठ्याचे गिलास फिरत असायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, मठ्ठा म्हणजे काही पाणी नाही." तर म्हणाले, "मठ्ठ्यात काय दगडं असतेत का व?"

महापौरांची सासुरवाडी यवतमाळची. तिथून त्यांच्या कानावर भाऊंचं नाव गेलं. पहिल्या भेटीला भाऊंनी मलाही नेलं, कारण त्यांना माझ्या हाताच्या टायपिंगची सवय होती आणि दुसऱ्याला ते "बोटं जड हायेत ह्याचे" म्हणायचे. बंगला केवढा! आत गारठा. समोर लगेच सीलबंद बाटल्या आल्या. भाऊंनी बाटली बाजूला सारली. "हे नाई, साहेब. घरचं पानी." पीए नावाचा एक गुळगुळीत तरुण तिथे उभा होता, त्याने माझ्याकडे पाहून भुवई उडवली, आणि सांगायला लाज वाटते, मीही हसले. शेवटी महापौरांच्या बायकोने आतून स्टीलचा तांब्या आणून दिला. ती यवतमाळची, तिला कळलं. भाऊंनी तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायलं आणि म्हणाले, "हां. आता सांगा, काय अडलं?"

तीन वर्षं ते महापौरांबरोबर राहिले. महिन्यातून आठ-दहा दिवस तिकडे, बाकी इकडे, पट्ट्या घेऊन माझ्या दुकानात. महापौरांना चौकात रंगीत कारंजं हवं होतं, भाऊंनी त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभं केलं. तासभर. कोणी ओळखलं, कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी खिडकी उघडली आणि त्या खिडकीची चर्चा कारंज्यापेक्षा जास्त झाली. असं त्यांचं काम. पेपरात नाव नाही, मंचावर खुर्ची नाही.

पण महापौरांनी भाऊंचं पाणी मागणं तेवढं बरोबर उचललं. एका वस्तीत ते स्वतः एका दारात गेले, "माय, पाणी मिळंल का?" म्हणाले, आणि मागे तीन कॅमेरे. बाईने भांडं भरून दिलं. महापौरांनी ओठाला लावलं, फोटो झाले, भांडं ओट्यावर ठेवलं आणि निघाले. मजकूर लिहून घ्यायला आलेली मी मागे होते. भाऊ परत वळले, ओट्यावरचं भांडं उचललं आणि उभ्याउभ्या सगळं पाणी संपवलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "साहेब, पानी मांगलं तं प्या लागते. तिच्या घरी अर्धाच हंडा होता." महापौर हसले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही पण ना!" त्या हसण्यावरून मला माणूस कळायला हवा होता. भाऊंना कळलाही असेल. पण त्यांनी त्या घरचं पाणी प्यायलं होतं.

मग ती नाल्याकाठची वस्ती आली.

वस्ती सगळी आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या गोरमाटी लोकांची. बांधकामावर विटा-रेती वाहणारी माणसं. भाऊंच्या स्वतःच्या तांड्यातलीही चार-पाच घरं होती. त्यातच धुरपतकाकीचा नातू सुदाम, त्याची बायको आणि दोन लेकरं. धुरपतकाकी म्हणजे भाऊंची चुलती, त्यांची आई गेल्यावर त्यांना वाढवणारी. नाल्याच्या कडेने रस्ता जायचा होता. नियम असा, की ज्यांच्याकडे जुन्या राहण्याचे कागद असतील त्यांना पक्की खोली, बाकीच्यांनी उठायचं. निवडणूक तोंडावर. भाऊंचं म्हणणं सरळ होतं. ही वस्ती आपल्या नायकाच्या शब्दाने एकत्र मत देते. खोल्या द्यायच्या तर सगळ्यांना द्या, सगळी मतं घ्या. महापौर तोंडाने हो म्हणाले होते.

भाऊंना भीती सर्व्हेची. कोणाचे कागद कच्चे आहेत ते आधी कळलं तर ते सर्व्हेआधी नीट करून घेता येतील. म्हणून ते घरोघर गेले. "याडी, पानी," म्हणत प्रत्येक दारात बसले. आणि त्या माणसांनी, आपला माणूस, आपल्या बोलीत बोलणारा, आपलं पाणी प्यालेला, म्हणून त्यांना सगळं खरं सांगितलं. सरकारी माणसाला कधी सांगितलं नसतं ते सांगितलं. आमचं रेशनकार्ड चुलतभावाचं आहे. लाईटबिल आधी राहणाऱ्याच्या नावाचं आहे. सुदामने सांगितलं, काका, आम्ही मागच्या दिवाळीला आलो, बिल मेव्हण्याचं दाखवतो. भाऊंनी प्रत्येकाची पट्टी केली. ज्याचे कागद कच्चे, त्याच्या नावाभोवती गोल.

ते पट्ट्यांचं पुडकं घेऊन भाऊ दुकानात आले आणि दोन दुपारी मला यादी सांगत बसले. दुसऱ्या दिवशी मी हात थांबवला. "भाऊ, यादीत हे गोल काढायला लावू नका. नावं वेगळी, गोल वेगळे ठेवा. ही यादी कोणाच्या हातात पडली तर?"

दुकानात तेव्हा दोन वकील होते, एक पेशकार होता. भाऊ थकलेले होते, रात्रीच्या गाडीने आलेले. म्हणाले, "तू टाइप कर. डोकं मी चालवतो."

बस. एवढंच. पण वकील हसले ना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे वडील कलेक्टर कचेरीत मोठे कारकून, घरात दोन पिढ्या कागदाच्या कामात, आणि मला सांगतात टाइप कर! मी गोलांसकट यादी टाइप केली, अगदी ठसठशीत गोल काढले. त्यांनी पाणी मागितलं तेव्हा माठाकडे बोट दाखवलं. ते उठून घेऊन आले. त्यांना वाटलं असेल, घरच्यासारखं वागतेय.

भाऊ त्याच संध्याकाळी परत शहरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गुळगुळीत पीएचा फोन. "मॅडम, वस्तीची यादी तयार झाली ना? साहेबांना बघायची आहे." मी म्हटलं, भाऊंना विचारते. तो म्हणाला, "भाऊंचं वय झालं हो आता. खरं काम कोण करतं ते आम्हाला दिसतंच. साहेब परवाच म्हणाले, त्या यवतमाळच्या मॅडमनाच पुढे आणू."

अकरा वाजता भाऊंचा फोन आला. आवाज घाईचा, मागे गाड्यांचा गोंगाट. "कुंदा, सिंगल. यादी कोनाले देऊ नको. हे लोकं वस्ती फोडाच्या गोष्टी करून राह्यले. पट्ट्या बी जाळून टाक. समजलं?" आणि फोन बंद. 'जेवलीस का' असं नाही, 'कालचं मनावर घेऊ नको' असंही नाही.

मी ऐकलं नाही, समजलं नाही, असं काही नाही. मला सगळं लख्ख समजलं होतं. त्या यादीने काय होऊ शकतं ते त्या वस्तीबाहेर बहुधा मलाच सगळ्यात आधी कळलं होतं, तेच तर मी बोलले होते. तरी दुपारी एकच्या सुमाराला मी ती पीएच्या मोबाइलवर पाठवून दिली. वाटलं, बघू दे, डोकं कोणाला आहे ते. डबा उघडून जेवले. वांग्याची भाजी होती, ती चांगली लागली हेसुद्धा मला आठवतं.

पुढचं झटपट झालं. गोल नसलेल्यांना बोलावून खोल्यांची पत्रं दिली आणि सांगितलं, बाकीच्यांच्या भानगडीत पडाल तर तुमचंही जाईल. ते गप्प बसले. गोलवाल्यांना नोटिसा, आणि मग मशीन. सुदामची झोपडी पहिल्या रांगेत होती. मी ते मोबाइलवर पाहिलं. सुदामची बायको पत्रा धरून उभी होती, लहान पोरगी दप्तर उराशी घेऊन. निवडणुकीत महापौरांचं जमलं, आणि भाऊंचा आयुष्यात पहिल्यांदा पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, 'विजयाचे शिल्पकार'. तो पेपर तांड्यावर पोचायला दोन दिवस लागले नाहीत.

झोपड्या पडल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले. पायरीवरच थांबले. चपला काढल्या नाहीत.

"यादी गेली, कुंदा."

"अगं बाई! कशी गेली?" मी म्हणाले. असा आवाज काढला की माझा मलाच खरा वाटला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हं," म्हणाले आणि वळले. पाणी मागितलं नाही. त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं, शहर सोडलं, आणि पाणी मागणंही सोडलं. खांद्याच्या पिशवीत एक हिरवी प्लॅस्टिकची बाटली आली. तांड्याच्या हापशीवर ती आपल्या हाताने भरायची आणि तिचंच प्यायचं. कोणाच्या दारात थांबायचं नाही.

महिन्याभराने तांड्यातले तिघे जण माझ्याकडे आले. त्यांच्यात कारभारी होता, वयस्क, अदबीने बोलणारा. "ताई, यादी तुमच्या दुकानात टाइप झालती म्हनतेत."

"हो. भाऊंनी सांगितली तशी मी केली."

"मंग साहेबाले कोनी देली?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते शब्दाशब्दाने सांगते. "मला काय माहीत बाबा. मी आपली टाइप करणारी. डोकं तर भाऊच चालवायचे."

अपमानाचं व्याज इतक्या वेळाने वसूल केलं मी, आणि तेही त्या माणसाच्या पाठीमागे. तांड्यात बैठक बसली. भाऊंना विचारलं. ते म्हणाले म्हणे, "यादी माही होती. गोल मीच काढले." दुसरा शब्द नाही. लोकांनी त्यांना काही केलं नाही. फक्त बोलणं कमी केलं. जो माणूस बसमध्ये चढला की अर्धी गाडी सरकून जागा करायची, तो चार वाजता लिंबाखाली एकटा बसू लागला.

त्यांची तब्येत बरी नाही असं कळलं तेव्हा मी गेले. वर्ष-दीड वर्ष झालं होतं. यवतमाळहून पांढरकवडा, तिथून दुसरी गाडी, फाट्यावर उतरून चालत. वाटभर घोकत गेले होते, आज सांगायचं. भाऊ लिंबाखाली नव्हते. एका घराच्या ओट्यावरून म्हातारीने हाक मारली, "यवतमाळची बाई का तू? ये, टेक. तो दवाखान्यात गेला, येतेच आता." धुरपतकाकी. हातभर बांगड्या, नजर अधू, पण आवाज खणखणीत. दाराशी पितळी लोटा भरून, वर वाटी झाकून ठेवलेला.

"हा रामधनचा," ती म्हणाली. "रोज भरून ठेवते मी. तो रोज ह्याच रस्त्यानं जाते. पाह्यत बी नाई. रोज तुळशीत वतते."

मला तिने माठातलं पाणी दिलं. वाळ्याची मुळी टाकलेलं, थंडगार. मी तहानलेली होते, घटाघटा प्यायले. ती माझी रिकामी बाटलीही घेऊन गेली आणि भरून आणली.

"सुदाम हैदराबादेकडे गेला," ती सांगत होती. "पोरीची शाळा सुटली. जाऊ दे. घर गेलं, दुसरं होईन. रामधनवर माहा राग नाई व. लेकरू हाय माहं. पन त्यानं मले एवढं सांगावं, काहून देली. एवढंच. विचारलं तं खाली पाह्यते. तू त्याच्या संगं काम करत होती ना, बाई? तुले काही सांगितलं का त्यानं?"

तिच्या घरचं पाणी माझ्या पोटात होतं. भाऊंनी वीस वर्षांत मला दुसरं काही शिकवलं नव्हतं. ओट्यावर आम्ही दोघीच. तिचा हात माझ्या गुडघ्यावर.

मी म्हणाले, "ऊन फार आहे हो काकी यंदा."

"हाय तं खरं," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला.

भाऊ आले. खूप वाळले होते. ओट्यापाशी न थांबता, लोट्याकडे न बघता मला म्हणाले, "चाल, तुले फाट्यावर सोडून देतो, चारची गाडी भेटन." फाट्यावर ते दगडावर बसले, हिरवी बाटली काढली, ती रिकामी निघाली. खोकला आला होता. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कुंदा, पानी हाय का?"

इतक्या दिवसांनी! मी बाटली उघडून दिली. त्यांनी ती तोंडापर्यंत नेली आणि थांबले. वास घेतला.

"काकीच्या माठाचं हाय."

"हो."

"तू पेली?"

"हो, भाऊ."

त्यांनी झाकण लावून बाटली माझ्या हातात दिली. मग मीच बोलले, अर्धंच. "भाऊ, ती यादी..."

"मले मालूम हाय. त्याच रोजी मालूम झालं. पीएच्या मोबाइलवर तुहं नाव होतं, आन् टाइम बी होता. माहा फोन अकराचा."

"मग तुम्ही सांगितलं काहून नाही? मला पायरीवर विचारलंही नाही!"

"किती वर्सं तुह्या दुकानचं पानी पेलो मी," ते म्हणाले. जणू मी फारच साधा प्रश्न विचारला होता. "आन् गोल मीच काढले होते. तू सांगितलं होतं, नका काढू. ते बी मले आठवते."

मला रडू आलं. मी म्हणाले, "मी परत जाते. आत्ता जाते. काकीला सांगते."

ते जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. रस्त्याच्या वळणावर गाडी दिसली. त्यांनी सवयीने हात केला, गाडी थांबली, कंडक्टरने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. भाऊही माझ्याकडे पाहत होते. आणि मी चढले. रडत रडत, पिशवी सांभाळत, चढले.

दार लागलं. भाऊ गाडीच्या अंगाला आले आणि तळहाताने पत्र्यावर दोनदा थाप मारली. डबल. गाडी सुटली. मागच्या काचेतून ते दिसत होते, कानावर पेन्सिल, हातात रिकामी बाटली, हापशीच्या दिशेला वळलेले. घंटीची दोरी माझ्या डोक्यावरच लोंबत होती. एकदाच ओढायची होती. मी पांढरकवड्यापर्यंत तिच्याकडे पाहत बसले.